नऊ वॉटचा एलईडी बल्ब, सहा वर्षांनंतर

आधी निकाल सांगतो. घ्या, पण बंद शेडमध्ये लावू नका आणि खोक्यावर लिहिलेल्या २५,००० तासांच्या आयुष्यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली येईलच, आणि थोडं लांबेल, कारण खरं तर त्या कापलेल्या स्टारसाठीच मी हे लिहायला बसलोय.

वापर कसा झाला ते सांगतो. दोन बल्ब एकाच दिवशी घेतले, एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले. ९ वॉट, साधारण ८०० ल्युमेन (उजेड मोजायचं माप), वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण जी तक्रार आहे ती एकट्या त्यांची नाहीये, स्वस्त एलईडी बनवणाऱ्या बहुतेकांच्या मालाला ती लागू पडते. एक बल्ब टेबल लॅम्पमध्ये लावला, उघडा, हवा खेळती. रोज संध्याकाळपासून झोपेपर्यंत साधारण पाच तास. सहा वर्षं झाली, म्हणजे जवळपास ११,००० तास. अजून चालू आहे, हे लिहितानाही तोच चालू आहे. दुसरा छताला चिकटलेल्या काचेच्या बंद डब्यात लावला होता, तो १४ महिन्यांत गेला.

उजेडाबद्दल काय बोलायचं, भारीच आहे. बटण दाबलं की लगेच पूर्ण उजेड, वळणावळणाच्या नळीच्या सीएफएल बल्बसारखं मिनिटभर मिणमिणत बसत नाही. रात्री दोन दोन तास वाचलं तरी डोळे दुखत नाहीत. फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, बघायचा असेल तर मोबाइलचा कॅमेरा बल्बसमोर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब वाचायला घेऊ नका, माझ्या बल्बमध्ये पट्टे जवळजवळ दिसतच नाहीत. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० च्या वर लिहिलंय आणि तेवढा असावा, फक्त लाल रंग थोडा मरतो. लाल कापड या उजेडात बघितलं आणि मग उन्हात बघितलं तर फरक कळतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये ही अडचण नव्हती, त्याच्या उजेडात लाल रंग खुलायचा. हे मान्य करायलाच हवं, नवीन वस्तू जुनीपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस असते असं नसतं.

विजेचा हिशोब सोपा आहे. एवढाच उजेड द्यायला जुना बल्ब ६० वॉट खायचा. ११,००० तासांत त्याने ६६० युनिट खाल्ले असते, याने ९९ खाल्ले. आणि जुन्या बल्बचं आयुष्य साधारण १,००० तास धरायचं, म्हणजे मला या सहा वर्षांत एकाच्या जागी अकरा बल्ब आणावे लागले असते. अकरा वेळा स्टूल, अकरा वेळा होल्डर.

आता हा १,००० चा आकडा. मला आधी वाटायचं हा फिलामेंटचा, म्हणजे बल्बमधल्या तापणाऱ्या तारेचा, निसर्गनियम असेल. तसं नाहीये. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात ऑस्राम, फिलिप्स आणि जगातल्या बाकीच्या मोठ्या बल्बवाल्यांनी मिळून फीबस नावाचं कार्टेल, म्हणजे कंपन्यांची संगनमताची टोळी, केलं. जनरल इलेक्ट्रिकसुद्धा परदेशातल्या कंपन्यांमार्फत त्यात होती. त्यांनी बाजारपेठा वाटून घेतल्या आणि बल्ब १,००० तासांपेक्षा जास्त टिकता कामा नये असं ठरवलं, तेव्हा १,५०० ते २,००० तास टिकणारे बल्ब मिळत असताना. कंपन्यांचे बल्ब तपासले जायचे आणि जास्त टिकले तर दंड. हे वाचलं तेव्हा खरंच चीड आली, कारण त्या कारखान्यांमध्ये हुशार इंजिनिअर बसलेले होते आणि त्यांची हुशारी बल्ब लवकर उडावा यासाठी वापरली जात होती. कंपन्यांची बाजू अशी होती की कमी आयुष्याचा बल्ब जास्त उजळ आणि जास्त कार्यक्षम असतो, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे, फिलामेंट जितकी तापवाल तितका उजेड जास्त आणि आयुष्य कमी. पण मग गिऱ्हाइकाला दोन्ही पर्याय द्यायचे होते ना, दंड कशाला? १९३० च्या दशकात स्वीडनमधल्या ग्राहक सहकारी संस्थांनी लुमा नावाचा स्वतःचा कारखाना काढला आणि कार्टेलपेक्षा स्वस्तात बल्ब विकून दाखवले. पुढे दुसरं महायुद्ध आलं आणि फीबस मोडलं.

मी हे सगळं वाचत बसलो याचं कारण २०२५ चं अर्थशास्त्राचं नोबेल. जोएल मोकिर, फिलिप अघियाँ आणि पीटर हॉविट या तिघांना मिळालं, नवनवीन शोधांमधून अर्थव्यवस्था कशी वाढते हे समजावून सांगितल्याबद्दल. यातल्या अघियाँ आणि हॉविट यांनी १९९२ मध्ये एक गणिती मॉडेल मांडलं होतं, त्याचा गाभा म्हणजे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटरची क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन, जुनं मोडून नवं उभं राहण्याची कल्पना. नवा माल येतो, जुन्याचा धंदा बसवतो, त्याच्यातून काही काळ नफा काढतो आणि मग त्याच्याहून नवा येऊन याचाही धंदा बसवतो. शुम्पेटरने हा शब्द १९४२ मध्ये रूढ केला. त्याचं म्हणणं असं की भांडवलशाहीत खरी स्पर्धा दोन पैसे भाव कमी करणाऱ्या शेजारच्या दुकानदाराशी नसते, ती अशा वस्तूशी असते जी आल्यावर तुमच्या दुकानाची गरजच उरत नाही. हे मी माझ्या टेबलावरच्या बल्बखाली वाचत होतो आणि वाचता वाचता लक्षात आलं की दुसरं उदाहरण शोधायची गरजच नाही, डोक्यावर जळतंय तेच.

बघा ना. एडिसन आणि इंग्लंडमध्ये स्वान यांचे कार्बन फिलामेंटचे बल्ब १८७९ च्या सुमारास आले आणि गॅसबत्तीवाल्यांची झोप उडाली. पण गॅस लगेच मेला नाही. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने गॅस मँटल काढलं, ते जाळीचं कापडासारखं असतं ना जे पेटल्यावर पांढरं लख्ख होतं, ते. त्याने गॅसबत्तीला बरीच वर्षं जास्तीचं आयुष्य मिळालं. जुनी वस्तू मरायला टेकली की तिच्यात अचानक सुधारणा होतात, हे वारंवार दिसतं. आणि मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ज्या माणसाने गॅस वाचवला त्याच माणसाने पुढे ऑस्मियम धातूच्या फिलामेंटचा विजेचा बल्ब केला. ऑस्राम हे नाव त्याच्याच कंपनीने १९०६ मध्ये नोंदवलं, ऑस्मियम आणि वोल्फ्राम म्हणजे टंगस्टन, दोन्ही जोडून. स्वतःचं मँटल जोरात चालू असताना त्याच्या मुळावर येणारी वस्तू स्वतःच करायची, याला छाती लागते.

कारण बहुतेकांना ते जमत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरोने १९६२ मध्ये याचं कारण अगदी साधं करून सांगितलंय. ज्याचा धंदा आधीच चालू आहे त्याला नवीन शोधातून मिळणारा नफा हा जुन्या नफ्याच्या जागी येतो, नव्या माणसाला मात्र तो सगळाच्या सगळा नवा असतो. त्यामुळे नव्याला घाई आणि जुन्याला आळस. एलईडीच्या बाबतीत तर हे इतकं चपखल बसतं. पहिला लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोनियाकने केला आणि तो जनरल इलेक्ट्रिकच्याच प्रयोगशाळेत होता, म्हणजे ज्यांचं साम्राज्य बल्बवर उभं होतं त्यांच्याच घरात! वळणावळणाचा सीएफएलसुद्धा त्यांच्याच एडवर्ड हॅमरने १९७० च्या दशकात करून दाखवला होता, पण त्यासाठी नवे कारखाने घालायला लागले असते म्हणून तो बाजूला राहिला. शोध घरात लागूनही धंदा बाहेर गेला.

पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो काही केल्या होत नव्हता. त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइड या पदार्थाचा चांगला स्फटिकच बनत नाही म्हणून मोठमोठ्या प्रयोगशाळांनी तो नाद सोडला आणि झिंक सेलेनाइड या दुसऱ्या पदार्थाच्या मागे लागल्या. नागोयाच्या विद्यापीठात अकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी अमानो तेवढे चिकटून राहिले, १९८६ मध्ये स्फटिक जमला, १९८९ मध्ये एलईडी पेटायला लागणारा पी-टाइप नावाचा थर जमला. आणि दुसरीकडे निचिया नावाच्या एका छोट्या कंपनीत शुजी नाकामुरा. निचिया टोकियोत नव्हती, शिकोकू बेटावरच्या आनान गावातली, आणि तिचा धंदा काय तर फॉस्फर पावडर, टीव्हीच्या काचेला आणि ट्यूबलाइटला आतून लावतात ती. संस्थापक नोबुओ ओगावांनी या माणसावर कंपनीच्या मानाने प्रचंड पैसा लावला. नंतर आलेल्या नव्या अध्यक्षांनी काम थांबवायला सांगितलं तरी नाकामुराने थांबवलं नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये निचियाने प्रखर निळा एलईडी जाहीर केला. आणि १९९६ मध्ये त्याच निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड काढला, म्हणजे कंपनीचा जुना, कोणाच्या लेखी नसलेला पावडरचा धंदा होता तोच नव्या वस्तूचा अर्धा भाग झाला. माझ्या बल्बचं पांढरं झाकण काढलं तर आत जे पिवळे ठिपके दिसतात ते तेच, फॉस्फर. लहान मुलं असतील तर त्यांना नक्की दाखवा, फक्त बल्ब होल्डरमधून काढून.

मोकिर जे सांगतात ते इथे कळतं. एखादी गोष्ट चालते एवढं माहीत असून भागत नाही, ती का चालते हेही माहीत लागतं, नाहीतर शोध एकदा लागतो आणि तिथेच थांबतो. विद्यापीठातलं 'का' आणि कारखान्यातलं 'कसं' एकमेकांना भेटले म्हणून हे झालं. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुराला मात्र कंपनीकडून या शोधाचं बक्षीस म्हणून मिळाले होते २०,००० येन. त्याने खटला भरला, २००४ मध्ये कोर्टाने २० अब्ज येन द्यायला सांगितले आणि २००५ च्या सुरुवातीला तडजोड होऊन जवळपास ८४ कोटी येनवर प्रकरण मिटलं. मला विचाराल तर सुरुवातीलाच नीट वाटा दिला असता तर कंपनीचं काहीच बिघडलं नसतं आणि असा माणूस कंपनी सोडून अमेरिकेला गेला नसता.

पण शोध लावणाऱ्यांच्या वाट्याला एकूणच कमी येतं, फक्त त्याच्याच नाही. अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउसने २००४ मध्ये अमेरिकेचा हिशोब मांडला होता, त्यात नव्या तंत्रामुळे समाजाचा जो फायदा होतो त्यातला साधारण २.२ टक्के वाटा शोध लावणाऱ्या कंपन्यांच्या हाती लागतो असं निघालं. बाकीचा जवळजवळ सगळा तुमच्या माझ्यासारख्या वापरणाऱ्यांकडे. याच नॉर्डहाउसने त्याआधी उजेडाची किंमत मजुरीच्या तासांत काढली होती. १,००० ल्युमेन-तास एवढ्या उजेडासाठी १८०० साली पाच तासांपेक्षा जास्त राबायला लागायचं, १९९२ मध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा कमी. आणि १९९२ म्हणजे सीएफएलचा काळ, एलईडी त्या हिशोबात आलेलाच नाही. मी पाच तास लॅम्प लावून ठेवतो तेव्हा ४,००० ल्युमेन-तास उजेड होतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला एवढ्या उजेडासाठी वीस तासांच्या वर मजुरी करायला लागली असती. रात्री वाचणं ही तेव्हा श्रीमंताची गोष्ट होती. हे लक्षात आलं त्या रात्री मी बराच वेळ नुसता लॅम्पकडे बघत बसलो होतो.

याची दुसरी बाजू. सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विंचेस्टरचा जनरल इलेक्ट्रिकचा बल्बचा कारखाना बंद झाला, देशातला साध्या बल्बचा शेवटचा मोठा कारखाना, जवळपास २०० माणसं होती. नवीन सीएफएल तिथे झाले नाहीत कारण काचेची नळी वळवायला हातकाम खूप लागतं आणि ते काम चीनला गेलं होतं. आणि ज्या सीएफएलमुळे हे झालं त्याचं तरी काय झालं? जनरल इलेक्ट्रिकने २०१६ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी सीएफएल बनवणं थांबवायचं ठरवलं, एलईडीने त्यालाही गिळलं. २०२० मध्ये तर त्यांनी घरगुती बल्बचा धंदाच विकून टाकला, एडिसनपासून चालत आलेला. ऑस्रामने बल्बचा विभाग विकला, फिलिप्सने लाइटिंग वेगळं काढलं, त्याचं नाव आता सिग्निफाय. आणि क्री! एलईडी बल्ब घराघरात नेण्यात ज्या कंपनीचा मोठा हात होता तिने २०१९ मध्ये लाइटिंगचा धंदा विकला, सिलिकॉन कार्बाइड या पदार्थाच्या चिप्सकडे वळली, वुल्फस्पीड नाव घेतलं आणि २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्याने दुसऱ्याला हटवलं तोही टिकत नाही. अर्थशास्त्राच्या पानावर हे 'नूतनीकरण' म्हणून एका ओळीत येतं, पण विंचेस्टरमधल्या पन्नाशीच्या कामगाराला ती ओळ वाचून काय मिळणार? बल्बमुळे माझं बिल कमी झालं आणि त्याचा पगार गेला, या दोन्ही गोष्टी एकाच वस्तूतून झाल्या. जिंकणाऱ्याकडे जे जमतं त्यातून हरणाऱ्याच्या नव्या शिक्षणाचा, मधल्या काळातल्या पगाराचा खर्च निघायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. अघियाँसुद्धा साधारण हेच म्हणतात, नोकरी वाचवत बसू नका, माणूस वाचवा.

आता कापलेला स्टार. १४ महिन्यांत गेलेला बल्ब मी उघडला. चिप्स सगळ्या धड, एकही काळी पडलेली नव्हती. बिघडला होता तो ड्रायव्हर, म्हणजे घरातल्या एसी विजेचा डीसी करून चिप्सना बेताचा करंट देणारं सर्किट. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगला होता. या कपॅसिटरमध्ये ओलसर द्रव असतो, उष्णतेने तो सुकत जातो. ठोकताळा असा की तापमान १० डिग्रीने वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. एलईडी थंड असतो हा गैरसमज आहे, उजेडातून उष्णता फेकत नाही एवढंच, उष्णता मागे बुडाशी जमते आणि बंद काचेच्या डब्यात तिला जायला जागाच नसते. १०५ डिग्रीचा चांगला कपॅसिटर आणि थोडं जास्त अॅल्युमिनियम घातलं असतं तर तो टिकला असता, खर्च फार वाढला नसता. खोक्यावरचे २५,००० तास हे बहुतेक वेळा चिपचा उजेड किती काळात उतरतो यावरून काढलेले असतात, अख्खा बल्ब तेवढा चालवून बघितलेला नसतो.

आणि इथे माझा विचार जरा वेगळ्या दिशेला गेला. फीबसने मिळून ठरवून आयुष्य कमी केलं होतं. आज तसं कार्टेल नाही, उलट स्पर्धा इतकी आहे की एका फडताळात वीस कंपन्यांचे बल्ब असतात. तरीही बल्ब १४ महिन्यांत जातो. कारण गिऱ्हाइकाला दुकानात वॉट दिसतात, ल्युमेन दिसतात, किंमत दिसते, म्हणून त्या तीन गोष्टींमध्ये सगळे जीव तोडून सुधारणा करतात. कपॅसिटर दिसत नाही, म्हणून पैसा तिथून वाचवतात. म्हणजे स्पर्धा वस्तू सुधारते, पण आपल्याला जेवढं तपासता येतं तेवढीच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एल प्राइझ नावाचं एक कोटी डॉलरचं बक्षीस ठेवलं होतं, ६० वॉटच्या जागी चालेल असा एलईडी करा म्हणून, २०११ मध्ये फिलिप्सने ते जिंकलं. त्यात बल्ब हजारो तास पेटते ठेवून खरोखर तपासले होते आणि ते उत्तम टिकले. पण बाजारात तो महाग पडला आणि काही काळाने बंद झाला, स्वस्तवाल्यांपुढे. चांगली वस्तू हरली कारण तिचा चांगुलपणा खोक्यावर दिसत नव्हता. म्हणून मी म्हणतो की ड्रायव्हरच्या आयुष्याचा आकडा मोठ्या अक्षरात छापायची सक्ती करा, ड्रायव्हर बदलता येईल असे बल्ब करा, मग बघा याच कंपन्या तिथेही एकमेकींना कसं मागे टाकतात ते. हुशारीची कमतरता कधीच नव्हती.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. तासांचा आकडा सोडा, वॉरंटी किती वर्षांची ते बघा आणि बिल जपून ठेवा. हातात घेऊन वजन बघा, जड म्हणजे आत धातू जास्त, साधारण तेच बरं. बंद शेडसाठी चालेल असं खोक्यावर स्पष्ट लिहिलं नसेल तर तिथे लावू नका. उजेड कमी-जास्त करायचा डिमर असेल तर डिमेबलच घ्या, नाहीतर गुणगुणतो आणि लुकलुकतो. वाचायला २७०० किंवा ३००० केल्विन, ६५०० वाला पांढराफटक मला रात्री सहन होत नाही.

गेलेला बल्ब टाकला नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्या एका मित्राने त्याच्या चिप्सची पट्टी काढून तिला बाहेरून वेगळा, जरा बरा ड्रायव्हर जोडून दिला, मागे अॅल्युमिनियमचा तुकडा लावला. ती पट्टी जिन्यात उघड्यावर लावलीये, चार वर्षं झाली, रोज रात्रभर जळते.